पानापासून पांढऱ्या मुळीपर्यंत

बागेत पाऊल टाकलं की शेतकरी मला पान दाखवतात आणि मी त्यांच्याकडे कुदळ मागते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात माती, पाणी आणि पानाचे देठ तपासून सल्ला देण्याचं माझं काम. सुरुवातीच्या हंगामांतच एक गोष्ट पक्की झाली. पानावर जे दिसतं त्याचं कारण बऱ्याचदा पानात सापडत नाही. ते बोदाखाली, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्याखाली असतं, खोडाच्या सालीत असतं, नाहीतर पानाच्या पाठीवरच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत असतं. वेल जागची हलत नसली तरी तिच्या आत सतत ये-जा चालू असते. पाणी वर चढतं, साखर मुळीकडे आणि घडाकडे जाते, हवा आत येते, वाफ बाहेर पडते. ही ये-जा कुठे अडली ते कळलं की निम्मं काम झालं. ते न कळता केलेल्या फवारणीचे पैसे वाया जातात, आणि ते पैसे कुणीतरी सोसायटीचं कर्ज काढून आणलेले असतात.

2019 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर इकडचा बागायतदार विसरलेला नाही. घडांसाठीच्या गोडी छाटण्या उरकल्या होत्या, वेली फुटल्या होत्या आणि पाऊस जायचं नाव घेत नव्हता. गोदाकाठच्या काळ्या जमिनीतल्या एका बागेत त्या दिवसांत माझं जाणं झालं. दोन बोदांमध्ये पाणी तुंबलं होतं. शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि जरा ऊन पडलं की कोवळ्या फुटी माना टाकायच्या. बागेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, हातात बाटल्या घेऊनच उभे होते. एक लोहाची, एक कसल्याशा टॉनिकची. "ताई, रानात एवढं पाणी आणि वेल तहानल्यावानी करते. काय पाजू हिला?"

मी बोदाच्या बगलेला, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर खणायला घेतलं. माती कुदळीला चिकटून येत होती आणि तिला कुजका वास होता. बारीक मुळ्या हाती लागल्या त्या सगळ्या तपकिरी. एक मुळी चिमटीत धरून ओढली तर वरची साल बोटांत आली आणि आतला बारीक गाभा तेवढा मातीत राहिला. पांढरी मुळी शोधूनही सापडेना. पांढरी मुळी म्हणजे मुळाचं नव्यानं वाढणारं टोक. पाणी आणि अन्नद्रव्यं आत घेण्याचं मोठं काम तिच्याकडे असतं. ती नसली तर रानात कितीही खत पडलेलं असो, वेलीला त्याचा उपयोग नाही.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात तोवर मुळीचं बरं चाललेलं असतं. वापसा असला की मुळी चालते, हे नानांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तसं का होतं, ते मी त्यांना सांगितलं. मुळीही श्वास घेते. पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा हुसकली जाते, आणि प्राणवायू हवेतून जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मुळी गुदमरते. पालाश, नत्र, स्फुरद ही द्रव्यं मातीच्या पाण्यात विरळ असतात आणि मुळीच्या पेशींत दाट असतात, त्यामुळे त्यांना आत घ्यायला ऊर्जा खर्चावी लागते. प्राणवायूशिवाय ती ऊर्जा तयार होत नाही. शिवाय अशा वेळी पेशींच्या पडद्यांतल्या पाण्याच्या वाटाही आकसतात, म्हणून पाण्यात उभी असलेली वेल दुपारी कोमेजते. पिवळ्या शेंड्याचंही तेच. नानांच्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर होतं, पण ते विरघळवून उचलून घेणारी मुळी शिल्लक नव्हती.

बाटल्या घरी गेल्या. उताराच्या बाजूला चर काढले, ड्रिप बंद ठेवलं, वापसा आल्यावर बोदाची बगल हलक्या हातानं मोकळी केली. पुढच्या खेपेला खणलं तेव्हा जुन्या मुळ्यांच्या बाजूनं पांढरी टोकं निघाली होती. मग मात्र लोह ड्रिपमधून थोडंथोडं दिलं आणि ते वेलीनं घेतलं. त्या वर्षीच्या घडांचं नुकसान भरून आलं नाही, पण वेली हाती राहिल्या, आणि द्राक्षबागेत वेल वाचणं म्हणजे पुढची कितीतरी वर्षं वाचणं.

मुळीत शिरलेलं पाणी वर चढतं कसं, हा प्रश्न मला बहुधा छाटणीच्या दिवसांत विचारला जातो. जमिनीत ओल असताना छाटणी झाली की काडीच्या कापलेल्या टोकावर थेंब जमतो, ओघळतो, पुन्हा जमतो. "वेल रडायला लागली," असं बाया म्हणतात, आणि मालकाचा जीव खालीवर होतो. मुळी क्षार आत घेते, त्यांच्या पाठोपाठ पाणी शिरतं आणि वर पानं नसल्यानं ते दाबाखाली येऊन कापलेल्या जागेतून बाहेर पडतं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मगुरूनं हा दाब द्राक्षवेलीवरच मोजला होता. कापलेल्या वेलीच्या खुंटाला त्यानं काचेच्या नळ्या एकावर एक जोडल्या आणि रस त्यांतून वीस फुटांच्या वर चढला. 1727 मध्ये छापलेल्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या त्याच्या पुस्तकात हे प्रयोग नोंदलेले आहेत. गळणाऱ्या त्या पाण्यात क्षार आणि सेंद्रिय द्रव्यं थोडीच असतात, तेवढ्यानं वेल अशक्त होत नाही. छाटणीआधी पाणी कमी केलं की गळणंही कमी होतं. मला मात्र तो थेंब दिसला की बरं वाटतं. खाली मुळी जिवंत आहे आणि काम करते आहे, याची ती न खणता मिळालेली खूण असते.

पानं फुटून मांडव भरला की मुळांचा हा दाब मागे पडतो आणि पाण्याला वरून ओढ लागते. पानाच्या आत पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होत असते. जितकं पाणी उडतं तितकं मागचं पुढे सरकतं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानापासून मुळीपर्यंत पाण्याचा अखंड स्तंभ असतो आणि तो ताणलेला असतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी 1894 मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं. आजही वनस्पतिशास्त्र त्याच पायावर उभं आहे. ज्या जलवाहिन्यांतून हे पाणी चढतं त्या मृत पेशींच्या पोकळ नळ्या असतात. वर चढवण्यासाठी वेलीला काही ताकद लावावी लागत नाही. ते काम ऊन करतं.

द्राक्षवेलीच्या जलवाहिन्या पुष्कळ झाडांच्या मानानं रुंद आणि लांब असतात. मनगटाएवढ्या खोडावर एवढा मोठा मांडव हिरवागार राहतो तो त्यामुळेच. पण रुंद नळीला धोकाही जास्त. जमीन सुकली, हवा तापली आणि ओढ फार वाढली की स्तंभ तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नवी फूट वाढते ती नेमकी आमच्याकडच्या सगळ्यात कोरड्या, तापलेल्या दिवसांत. त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. ऑक्टोबरात किती घड निघणार हे मे महिन्यात वेलीच्या आत ठरून जातं, म्हणून मे महिन्यातली माझी फेरी मी कधी चुकवत नाही.

अशाच एका फेरीत नानांच्या नातीनं हट्ट धरला. ती तेव्हा नववीत होती. पर्णरंध्राचं चित्र तिनं वहीत काढलं होतं, पण खरं पर्णरंध्र तिला पाहायचं होतं. प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मी गाडीत घातला आणि भल्या सकाळीच बागेत पोचले. बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात आम्ही वेलीवरच्याच एका पानाच्या पाठीला दिला, वाळू दिला आणि पारदर्शक चिकटपट्टीनं अलगद उचलून काचपट्टीवर घेतला. त्या वेळी छिद्रं जशी असतील तसा त्यांचा ठसा त्या पापुद्र्यावर उमटतो. दुपारी दोनच्या सुमारास त्याच वेलीच्या शेजारच्या पानाचा दुसरा ठसा घेतला. मग पडवीत स्टुलावर सूक्ष्मदर्शक मांडला आणि पोर आधी डोळा लावून बसली.

वेड्यावाकड्या कडांच्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या, आणि त्यांच्यामध्ये जागोजागी रक्षक पेशींच्या जोड्या, घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा. सकाळच्या ठशात त्या दोन दाण्यांमध्ये स्पष्ट फट होती. दुपारच्या ठशात बहुतेक जोड्या मिटलेल्या. द्राक्षाच्या पानाला ही छिद्रं फक्त पाठीकडच्या बाजूला असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर-दोनशेच्या घरात. पोरीनं दोन्ही काचपट्ट्या पुन:पुन्हा बदलून पाहिल्या आणि विचारलं, "मावशी, दुपारी हे मिटून बसतं, तर मग जेवतं कधी?"

तिच्या त्या प्रश्नात माझ्या धंद्याचा गाभा आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के. तो आत घ्यायचा तर रंध्र उघडावं लागतं, आणि ते उघडलं की आतली वाफ बाहेर पडते. द्राक्षासारख्या झाडाला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमावताना पाण्याचे साधारण चारशे रेणू गमवावे लागतात. उजाडलं की रक्षक पेशी पालाश आत घेतात, त्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात आणि फट उघडते. मुळीला जमीन कोरडी लागली की वेलीत एक संप्रेरक वाढतं, रक्षक पेशींतला पालाश बाहेर पडतो, त्या सैलावतात आणि फट मिटते. वेल पाणी राखते आणि उपास धरते. तासा-दोन तासांचा उपास तिला सोसतो. रोज सकाळी दहापासूनच रंध्रं मिटायला लागली, तर काडीत अन्न साठत नाही आणि डोळ्यात घड धरत नाही.

नानांच्या सूनबाई हे सगळं ऐकत होत्या. बागेचं ड्रिप त्याच सांभाळतात. त्यांनी सरळ विचारलं, "म्हणजे आम्ही सोडतो त्यातलं बरंचसं पाणी वेल नुसती उडवूनच देते?" मुळीनं घेतलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त पाणी बाष्पोच्छ्वासात जातं, हे मी त्यांना सांगितलं. ते वाया जातं असं मात्र नाही. त्याच प्रवाहातून अन्नद्रव्यं वर येतात, आणि वाफ होताना पानातली उष्णता जाते म्हणून पान भाजत नाही. वेलीला कमी पाणी लागेल असं आपण करू शकत नाही. जमिनीतून फुकट उडणारं पाणी मात्र अडवू शकतो. त्यांनी बोदांवर उसाचं पाचट अंथरलं आणि पाण्याची मोठी पाळी पहाटेकडे आणली, म्हणजे रंध्रं उघडतात त्या वेळी मुळीजवळ ओल असते. पुढे त्यांनी आपण होऊन दुपारच्या विद्राव्य खतांच्या फवारण्याही संध्याकाळी नेल्या. रंध्रं मिटलेली, पान तापलेलं आणि थेंब पडताक्षणी सुकणारा, अशा वेळी फवारलेलं बरंचसं खत पानावर पांढरे डाग होऊन बसतं.

या रंध्रांतूनच डाउनी हा रोगही शिरतो. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत रंध्रापर्यंत जातात आणि आत घुसतात, म्हणून पांढरा कापशी थर पानाच्या पाठीवरच दिसतो. भुरी या दुसऱ्या रोगाला रंध्र लागत नाही, ती वरची कातडी भेदून शिरते. डाउनीचं औषध पानाच्या पाठीला पोचायला हवं हे मी वर्षानुवर्षं सांगत होते. सूक्ष्मदर्शक पाहिल्यावर सूनबाईंनी नोझलची दिशा स्वतःच्या हातानं बदलली. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणूस विश्वास ठेवतो, आणि तेव्हापासून माझा सूक्ष्मदर्शक हंगामभर गाडीतच असतो.

जलवाहिन्या खोडाच्या लाकडात असतात. साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात, आणि त्या जिवंत असतात. गर्डलिंगच्या वेळी हे दोन मार्ग डोळ्यांदेखत वेगळे होतात. मणी बारीक असताना, खोडाच्या गुळगुळीत भागावर, दोन पात्यांच्या सुरीनं सालीचं काही मिलिमीटर रुंदीचं कडं काढतात. आमच्याकडच्या एका कारागिराचा हात मी जवळून पाहिला आहे. आधी तो वरची सुटी, वाळकी साल हातानं खरवडून काढतो. मग सुरी टेकवून खोडाभोवती एकाच दाबानं फिरवतो आणि सुरीच्या टोकानं कड्याचं टोक उचलतो. ओलसर हिरवट पट्टी सलग निघून येते आणि खाली फिकट, निसरडं लाकूड दिसतं. त्या लाकडावर ओरखडा उठता कामा नये, नाहीतर पाण्याची वाट दुखावते.

कडं काढल्यावर पानं टवटवीतच राहतात, कारण पाणी लाकडातून चढतच असतं. पण पानांत तयार झालेली साखर मुळीकडे उतरू शकत नाही. ती वरच अडते, घडांना मिळते आणि मणी फुगतात. काही दिवसांनी कड्याची वरची कड जाड होते. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीनं सतराव्या शतकात सालीचं कडं काढून हाच फुगवटा पाहिला होता. वाहण्याचं कारण जर्मनीच्या एर्न्स्ट म्युंखनं 1930 मध्ये नीट मांडलं. पानाकडच्या रसवाहिनीत साखर भरली जाते, तिच्यामागे पाणी येतं, दाब वाढतो. घडात किंवा मुळीत साखर काढून घेतली जाते, तिथला दाब उतरतो, आणि जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस वाहतो. त्याचा वेग साधारण तासाला मीटरभर.

जखम भरून साल पुन्हा जुळेपर्यंत काही आठवडे मुळी जवळजवळ उपाशी असते. पावसानं मुळी गेलेल्या बागेत, कमजोर वेलीवर, मोठ्या मण्याच्या भावाकडे पाहून कुणी गर्डलिंग करायला निघालं तर मी ठाम नकार देते. त्या वर्षी मणी मोठा दिसेलही, पण त्याची किंमत मुळी भरते.

कॅल्शियमच्या बाबतीतही हे दोन मार्ग ठाऊक असायला हवेत. मणी मऊ पडतो, तडकतो म्हणून मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे तो पिकू लागल्यावर, कॅल्शियम मागायला लोक येतात. कॅल्शियम पाण्याबरोबर लाकडातून चढतं, रसवाहिनीतून ते फारसं फिरत नाही. मण्याला रंध्रं अगदी मोजकी, त्यामुळे पाण्याची ओढ पानाकडे जास्त आणि मण्याकडे कमी. पाणी उतरल्यावर तर मण्याकडे येणारा बहुतेक रस सालीच्या वाटेनं येतो. कॅल्शियम द्यायचं ते मणी लहान असताना, पांढरी मुळी चालू असताना. पालाशचं तसं नाही. तो दोन्ही वाटांनी फिरतो, जुन्या पानातून निघून घडात जातो. म्हणून पालाशची कमतरता आधी जुन्या पानांच्या कडांवर दिसते, आणि लोह-कॅल्शियमची कमतरता आधी शेंड्यात दिसते. कोणतं पान आधी बिघडलं एवढ्यावरून निदानाची दिशा ठरते. देठाच्या तपासणीचा कागद नंतर आकडा सांगतो.

आता कृषी पदवीधर मुलं-मुली माझ्याबरोबर फिरायला येतात. त्यांना औषधांची नावं माझ्याहून जास्त पाठ असतात. मी त्यांना एक क्रम पाळायला लावते. आधी खणून पांढरी मुळी पाहायची आणि माती नाकाशी धरायची. मग खोड आणि ओलांडे तपासायचे, कुठे साल दुखावली आहे का, कुठे लाकूड काळं पडलं आहे का. मग एकाच वेलीचं पान सकाळी आणि दुपारी पाहायचं. जुनं पान बिघडलं की नवं, हे वहीत लिहायचं. बागेला काय द्यायचं याची चर्चा त्यानंतर. पुष्कळ वेळा चर काढून, पाण्याची वेळ बदलून, पाचट अंथरून भागतं, दुकानात जावंच लागत नाही. तेव्हा "काही घेऊ नका" हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगायचं असतं. ते सांगायला वेलीच्या आतली वाहतूक पक्की ठाऊक असावी लागते, आणि तेवढं शिकणं हे या पोरांचं त्या शेतकऱ्याशी असलेलं पहिलं कर्तव्य आहे असं मी मानते.